सलूतेचं शून्य

व्हेनिसचा मोठा कालवा जिथे सान मार्को चौकासमोरच्या मोकळ्या पाण्याला मिळतो, त्या टोकावर सांता मारिया देल्ला सलूते हे पांढऱ्या घुमटांचं चर्च आहे. येणारा जाणारा घुमटाकडे बघत पायऱ्यांवर बसतो. त्याच टोकाला पाण्याची उंची मोजणारं एक केंद्र आहे. तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, पण या शहरात पाण्याबद्दल जो काही आकडा बोलला जातो, तो त्याच्या शून्यापासून मोजलेला असतो. हे शून्य १८९७ सालचं. त्या वर्षाच्या आगेमागे समुद्राची जी सरासरी पातळी होती, तिला शून्य म्हणायचं असं ठरलं आणि ते आजही तिथेच आहे.

समुद्र मात्र तिथे राहिला नाही. आज व्हेनिसमधल्या पाण्याची नेहमीची सरासरीच त्या शून्याच्या तीसेक सेंटिमीटर वर असते. त्यामुळे ‘आज पाणी ११०’ असं ऐकलं की रस्त्यावर छातीएवढं पाणी आहे असं समजायचं कारण नाही. सान मार्को बॅसिलिकेच्या पुढच्या ओवरीत, तिच्याभोवती काचेची भिंत व्हायच्या आधी, ६५ च्या सुमारास पाणी शिरू लागायचं. ८० च्या पुढे चौकात तळं साचतं. ११० ला शहराचा साधारण आठवा हिस्सा ओला होतो, आणि १४० ला निम्म्याहून जास्त. तिथल्या माणसांना ही यादी पाठ असते. आपल्या दाराचा उंबरठा कितीचा, मुलांच्या शाळेच्या वाटेवरचा सगळ्यात सखल कोपरा कितीचा, हे त्यांना सेंटिमीटरमध्ये ठाऊक असतं.

मला हे लगेच आपलंसं वाटलं, कारण मी अलिबागच्या खारपट्ट्यातली. आमचं शेत आणि खाडी यांच्या मध्ये मातीचा बांध आहे, आणि बांधाच्या आतली जमीन उधाणाच्या पाण्याहून खाली आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित मला पाढ्यांच्याच वयात आलं. पुढे नोकरीनिमित्त काही वर्षं पादुआला राहिले. तिथून व्हेनिस रेल्वेने अर्ध्या तासावर. सुट्टी मिळाली की मी जायची, आणि चित्रं, चर्च वगैरे बघून झालं की पाणीच बघत बसायची.

पहिलं आश्चर्य वाटलं ते एवढ्याशा भरतीचं. आमच्या खाडीत उधाणाला पाणी चार चार मीटर चढतं-उतरतं, इथे जेमतेम मीटरभर. भूमध्य समुद्रात बहुतेक किनाऱ्यांवर तर तेवढंही नसतं. एड्रियाटिकच्या या वरच्या टोकालाच काय ती भरती-ओहोटी जाणवते. पण हे शहर बांधलंच आहे पाण्यापासून वीतभर अंतर राखून. दारात होडी लागली पाहिजे, पायरीवरून सामान उतरलं पाहिजे, म्हणून सगळं पाण्याच्या लगत. वीतभराच्या हिशेबावर उभ्या असलेल्या शहराला हातभर जास्तीचं पाणी पुरेसं होतं.

ते जास्तीचं पाणी चंद्र एकटा आणत नाही. एड्रियाटिक हा लांबट समुद्र आहे. लांबी आठशे किलोमीटर, रुंदी दोनशेच्या आतबाहेर, आणि उत्तरेकडे तर इतका उथळ की सरासरी खोली पस्तीस मीटरच्या आसपास. आग्नेयेकडून सिरोक्को नावाचा वारा सुटला की तो या सबंध लांबीभर पाणी ढकलत वर आणतो, आणि वरच्या टोकाला पाण्याला पळायला जागा नसते. शिवाय हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सेंटिमीटरभर वर येतं. वादळी हवेत दाब वीस-पंचवीसने सहज उतरतो. आणि वारा पडला म्हणून प्रकरण मिटतं असंही नाही. दाटलेलं पाणी परत फिरतं, दुसऱ्या टोकाकडे जातं, पुन्हा येतं. सगळ्या एड्रियाटिकचा असा एक हेलकावा साधारण बावीस तासांचा असतो. म्हणून वादळ संपून लख्ख ऊन पडलेलं असताना, दुसऱ्या दिवशी चौकात पुन्हा पाणी येऊ शकतं. चंद्राची भरती, वारा, दाब आणि आदल्या दिवशीचा हेलकावा या चार गोष्टी बहुतेक वेळा एकमेकींना चुकवतात. वारा जोरात असतो तेव्हा नेमकी ओहोटी लागलेली असते, किंवा अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती असते. चारही एकाच घटकेला जमल्या की व्हेनिसच्या इतिहासात एक तारीख वाढते.

समुद्राच्या तोंडाशी भरती अडवणाऱ्या झडपा उभ्या राहायला लागण्याच्या आधीचा एक नोव्हेंबर मी तिथे काढला आहे. कास्तेल्लो भागात एका वयस्कर बाईंच्या घरी खोली घेतली होती. पहाटे सायरन वाजला. आधी लांब भोंगा आणि मग सूर. एकच सपाट सूर म्हणजे ११०, चढत जाणारे दोन सूर म्हणजे १२०, तीन म्हणजे १३०, चार म्हणजे १४०. पलीकडच्या खोलीत बाई उठून बसल्याची चाहूल लागली. सूर दोन होते. त्या खाली गेल्या, दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी असलेल्या खाचांत पत्र्याची फळी सरकवली, खालच्या कपाटातलं पीठ आणि चपला वरच्या फळीवर ठेवल्या आणि कॉफी टाकली. घाई कसलीच नाही. “सिन्योरा, आणखी काही उचलू का?” मी विचारलं. “तू तुझे बूट उचल,” त्या म्हणाल्या, “दाराशी ठेवलेयस.”

सकाळी बाहेर पडले तेव्हा कळलं की पाणी कालव्याच्या काठावरून चढून येतं ही माझी समजूत अर्धीच खरी आहे. सान मार्कोच्या चौकात ते खालून येतं. फरशीतली पावसाळी पाणी जाण्याची भोकं असतात, त्यांतून ते उलटं वर येतं. स्वच्छ, गार, खारं. आधी भोकाभोवती एक चकती, मग दोन चकत्या एकमेकींना मिळतात, आणि बघता बघता खांबांची प्रतिबिंबं दिसायला लागतात. फार सुंदर दिसतं, यात शंका नाही. लोक फोटो काढत होते, मीही काढले. पण दुकानदारांकडे बघितलं की त्यातलं काम दिसतं. ओहोटी लागली की ते झाडूने पाणी बाहेर लोटतात, आणि मग सगळी फरशी, भिंतीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुतात, कारण पाणी जातं तरी मीठ राहतं. आमच्याकडे खारं पाणी शिरलेल्या शेतात पुढची काही वर्षं भात धड येत नाही. विटेचं तसंच. मीठ विटेत चढतं, सुकताना त्याचे स्फटिक होतात, आणि ते विटेला आतून फोडतात.

जुन्या माणसांशी पाण्याबद्दल बोलायला लागलं की ती १९६६ पाशी येऊन थांबतात. ४ नोव्हेंबर १९६६. त्या दिवशी पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत गेलं, आणि तो उच्चांक अजून मोडलेला नाही. बाई तेव्हा शाळकरी होत्या. त्यांच्या सांगण्यात पाण्याची उंची नंतर येते. आधी येतं ते न उतरलेलं पाणी. सहा तास चढणार, सहा तास उतरणार, हे तिथल्या लेकराला कळतं. आदल्या रात्रीची भरती आली, पहाटे ओहोटीची वेळ झाली, आणि पाणी हललं नाही. सिरोक्कोने ते लगूनमध्ये, म्हणजे शहर ज्या उथळ खाऱ्या सरोवरात वसलं आहे त्यात, दाबून धरलं होतं. त्या न उतरलेल्या पाण्यावर दुपारनंतर पुढची भरती चढली. वीज गेली, टेलिफोन गेले. तळघरांतल्या आणि तळमजल्यांवरच्या टाक्यांमधलं शेगड्यांचं तेल पाण्यावर आलं आणि शहरभर भिंतींवर काळा पट्टा उमटला. समुद्र आणि लगून यांच्या मधल्या पेल्लेस्त्रीना बेटावर दगडी तटाला खांडं पडली, तिथल्या लोकांना बाहेर काढावं लागलं. रात्री नऊच्या सुमारास वारा फिरला, आणि दिवसभर अडकलेलं पाणी धाडकन बाहेर गेलं. “आवाज आला,” बाई म्हणाल्या. “पाणी जाण्याचा एवढा मोठा आवाज मी परत ऐकला नाही.”

त्या पुरानंतर तळमजल्यांवरची घरं रिकामी व्हायला लागली. बाईंच्या गल्लीतली तीन बिऱ्हाडं त्या हिवाळ्यात समोरच्या किनाऱ्यावरच्या मेस्त्रेला गेली ती गेलीच. माझ्या मते व्हेनिसचं १९६६ मध्ये सगळ्यात मोठं काही गेलं असेल तर ते हे. १९५१ साली बेटांवरच्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली. सगळा दोष पाण्याचा नाही, हे मलाही कळतं. महाग घरं, नोकऱ्यांचा अभाव, पर्यटकांसाठी भाड्याने दिलेल्या खोल्या (मी राहिले तीही त्यांतलीच एक) हे सगळं त्यात आहे. पण पहिला धक्का पाण्याने दिला.

१२ नोव्हेंबर २०१९ ची रात्र वेगळी होती. संध्याकाळपर्यंतचा अंदाज १४५ च्या आसपासचा होता. पण लगूनच्या अगदी डोक्यावर एक लहान, जोरकस वादळी भोवरा तयार झाला, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा गेला, आणि पाणी १८७ पर्यंत चढल्याचं जाहीर झालं. १९६६ नंतरची ही सगळ्यात मोठी भरती. वापोरेत्तो या प्रवासी बोटी काठावर येऊन पडल्या, झात्तेरेच्या धक्क्यावरची वर्तमानपत्रांची टपरी वाहून गेली. आणि तेवढ्यावर थांबलं नाही. त्याच एका आठवड्यात पाणी चार वेळा १४० च्या पुढे गेलं. मी तेव्हा पादुआत होते. शनिवारी गेले, तर पंचविशीच्या आतली शेकडो मुलं रबरी बूट घालून ग्रंथालयांची ओली पुस्तकं उचलत होती. कुणी बोलावलेली नव्हती. बाईंच्या दारातली पत्र्याची फळी वाकून बाहेर आली होती आणि स्वयंपाकघरात गुडघाभर पाण्याची खूण होती.

हे सगळं बातम्यांत येतं. व्हेनिसच्या पाण्याची दुसरी बाजू मात्र क्वचित येते, आणि मला स्वतःला जे काही कळलं ते तिथून कळलं. ती म्हणजे ओहोटी.

जानेवारी-फेब्रुवारीत युरोपवर कधी कधी उच्च दाबाचा मोठा पट्टा ठाण मांडून बसतो. हवा कोरडी, आकाश निळं, वारा नाही. जास्तीचा दाब पाण्याला खाली दाबतो, आणि त्यातच अमावास्या-पौर्णिमा आली की उधाणाची ओहोटी आणखी खोल जाते. एपिफनी या ख्रिस्ती सणाच्या सुमाराच्या ओहोट्यांना तिथे मारांतेगेच्या ओहोट्या म्हणतात. मारांतेगा म्हणजे ६ जानेवारीला पोरांना खाऊ आणणारी म्हातारी. पाणी उणे ५० च्या आसपास गेलं की लहान कालव्यांचा तळ उघडा पडतो. गोंडोला चिखलात तिरक्या बसलेल्या दिसतात. मालाच्या होड्या थांबतात. रुग्णवाहिकासुद्धा होडीच असते, तिला रुग्णाच्या दारापर्यंत जाता येत नाही आणि लोक स्ट्रेचर घेऊन पुलांवरून धावतात. भरतीला बूट घालून चालता तरी येतं. ओहोटीला होडी चालवायला दुसरा उपायच नसतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत अशी ओहोटी बरेच दिवस टिकली. तेव्हा उत्तर इटलीत दुष्काळ होता, पो नदी आटली होती, आणि जगभरच्या बातम्यांनी दोन्ही गोष्टी जोडून ‘व्हेनिसचे कालवे दुष्काळाने आटले’ असं छापलं. तसं नव्हतं. व्हेनिसच्या कालव्यांत समुद्राचं पाणी असतं, पावसाने ते भरत नाहीत आणि पाऊस नाही म्हणून आटत नाहीत. उच्च दाब, चंद्र, आणि लहान कालव्यांत साठलेला गाळ, ही त्याची कारणं. जुन्या प्रजासत्ताकात, म्हणजे व्हेनिस स्वतंत्र राज्य होतं त्या काळात, लहान कालवे पाळीपाळीने दोन्ही तोंडांनी बंद करून, उपसून, कोरडे करून गाळ काढत. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात हे काम थांबलं आणि जवळजवळ तीस वर्षं थांबूनच राहिलं.

अशा ओहोटीत मी कान्नारेज्यो भागाच्या आतल्या कालव्यांच्या काठाने तासन्‌तास चालले आहे. वास येतो, नाही असं नाही. तो सडक्या अंड्यांचा वास आमच्या खाजणातही येतो, आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण दिसतं काय? घराच्या पाण्याकडच्या दाराला तुम्हाला नेहमी दोन पायऱ्या दिसतात, तिथे सात-आठ असतात. खालच्या पायऱ्या कुणी बांधल्या त्या काही शोभेसाठी नाही. एके काळी होडी तिथेच लागत असे. भिंतीचा पाया इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाचा असतो. हा दगड दाट, त्यात पाणी चढत नाही. त्याच्या वर विटा. बांधणाऱ्यांनी आपल्या काळचं पाणी बघून, त्याच्या वर पुरेसा दगड ठेवून मगच वीट सुरू केली. आता भरतीचं पाणी तो दगड ओलांडून विटेला लागतं. ओहोटीत ती सगळी भिंत उभी समोर असते: खाली बुरसट हिरवा दगड, त्याच्यावर कुरतडलेल्या, खोल गेलेल्या विटा, मधला चुना निघालेला, काही ठिकाणी हात आत जाईल अशी भगदाडं. भरतीच्या वेळी हे सारं पाण्याखाली झाकलेलं असतं आणि वर फक्त कमानी, झरोके आणि त्यांची प्रतिबिंबं.

शेवाळाची ती हिरवट रेघही वाचता येते. नेहमीच्या भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथवरच शेवाळ धरतं, म्हणून प्रजासत्ताकाचे अधिकारी त्या रेघेलाच मोजमापाचा आधार मानत आणि दगडावर तिची खूण कोरून ठेवत. काही खुणा अजून सापडतात, आजच्या शेवाळाच्या बऱ्याच खाली. अठराव्या शतकात कानालेत्तो आणि त्याचा भाचा बेल्लोत्तो यांनी कॅमेरा ऑब्स्क्युरा (भोकातून आत पडणारं प्रतिबिंब गिरवायची पेटी) वापरून व्हेनिसची चित्रं काढली. इतकी काटेकोर की भिंतीवरची शेवाळाची रेघही जागच्या जागी. दारिओ कामुफ्फो या हवामान-अभ्यासकाने ती चित्रं घेऊन त्याच इमारतींसमोर जाऊन मोजमाप केलं. रेघ तेव्हापासून साठेक सेंटिमीटर वर चढली आहे. सलूतेचं केंद्र जे १८९७ पासून सांगतं, त्याच्या मागची दीडशे वर्षं या दोन चित्रकारांनी नकळत नोंदवून ठेवली.

रेघ चढली याचा अर्थ समुद्र चढला आणि शहर खचलंही. विसाव्या शतकात दोन्ही मिळून तेवीस सेंटिमीटरचा फरक पडला, जवळपास निम्मा निम्मा. खचण्यातला मोठा वाटा माणसाचा. समोरच्या किनाऱ्यावर पोर्तो मार्गेराचे कारखाने उभे राहिले आणि त्यांनी जमिनीखालचं पाणी उपसायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात उपसा थांबवला तेव्हा खचणं मंदावलं, पण गेलेली उंची परत आली नाही. साठच्या दशकात तेलवाहू जहाजांसाठी मालामोक्कोपासून मार्गेरापर्यंत लगूनच्या पोटातून सरळ, खोल कालवा खणला. त्यातून समुद्राचं पाणी आत जोराने शिरायला लागलं आणि जाताना गाळ घेऊन जायला लागलं.

प्रजासत्ताकाची भीती नेमकी उलटी होती. लगून गाळाने भरून जमीन होईल, ही. म्हणून त्यांनी ब्रेंता, सिले, पियावे या नद्यांची तोंडं दोन-तीन शतकं खपून लगूनच्या बाहेर वळवली. १५०१ मध्ये पाण्यासाठी वेगळं अधिकारी मंडळ नेमलं. अठराव्या शतकात, १७४४ ते १७८२, समुद्राच्या बाजूने मुरात्सी हे इस्त्रियाच्या दगडाचे तट बांधले. त्याच्याही दोनशे वर्षं आधी त्यांनी दगडावर कोरून ठेवलं होतं, की हे शहर दैवी कृपेने पाण्यात वसलं आहे, पाणीच त्याचा तट आहे, आणि या सार्वजनिक पाण्याला जो इजा करील तो देशाचा शत्रू. मला हा शिलालेख फार मोठा वाटतो. पाण्यापासून शहराला वाचवा, असं त्यात कुठेही नाही.

पाण्याकडे असं बघणारं विसाव्या शतकातलं एक काम मला माहीत आहे. कुएरीनी स्ताम्पालिया या संस्थेच्या जुन्या वाड्याचा तळमजला १९६३ मध्ये वास्तुकार कार्लो स्कार्पा यांनी नव्याने घडवला. स्कार्पा व्हेनिसचेच. तळमजल्यात पाणी येतं, हे त्यांनी गृहीत धरलं. पाण्याकडच्या दाराला जाळीची फाटकं केली, आत पायऱ्या केल्या, आणि चालायची फरशी कडेने उचलून घेतली. भरती आली की पाणी दारातून आत येतं, पायऱ्या चढतं, ठरवून दिलेल्या पन्हळीत फिरतं आणि जातं. मी ते आत येताना बघितलं आहे. पाणी आलं की ती खोली बिघडत नाही, उलट ती खोली कशासाठी आहे ते तेव्हाच कळतं. स्कार्पांच्या हिशेबापेक्षा जास्त पाणी १९६६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये आलं. तरीही मला ते शहरातलं सगळ्यात समजूतदार दार वाटतं.

आता झडपांबद्दल. लगूनला समुद्राकडे तीन तोंडं आहेत: लीदो, मालामोक्को, किओज्जा. तिथे तळाशी चार रांगांमध्ये ७८ पोलादी झडपा आडव्या निजलेल्या असतात, पोटात पाणी भरून. भरती मोठी येणार असली की त्यांच्यात दाबाची हवा सोडतात, पाणी बाहेर पडतं आणि पिवळ्या झडपा बिजागऱ्यांवर उभ्या राहतात. हीच ती मोसे योजना. काम २००३ मध्ये सुरू झालं, २०१४ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात तेव्हाच्या महापौरांसह अनेकांना अटक झाली, पाच अब्ज युरोंहून जास्त खर्च झाला, आणि ३ ऑक्टोबर २०२० ला त्या पहिल्यांदा खऱ्या भरतीसमोर उभ्या राहिल्या. सान मार्कोचा चौक कोरडा राहिला. बाईंनी मला फोनवर सांगितलं ते एवढंच, की सायरन वाजला आणि पाणी आलं नाही. त्यांना रडू येत होतं.

माझ्या मनात तेव्हा आमच्या बांधाची उघाडी आली. बांधात लाकडी झडप असते. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरती आली की खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करतं. तिला कुणी सांगावं लागत नाही. मोसेला सांगावं लागतं, आणि सगळा फरक तिथे पडतो. ८ डिसेंबर २०२० ला अंदाज १२५ चा होता, आणि झडपा १३० च्या पुढेच उचलायच्या असं ठरलेलं होतं. त्या खालीच राहिल्या. पाणी १३८ झालं, आणि बॅसिलिकेत शिरलं. मर्यादा मग ११० वर आली. २२ नोव्हेंबर २०२२ ला समुद्र बाहेर १७३ पर्यंत गेला होता आणि शहरात साठेक सेंटिमीटर होतं. झडपा नसत्या तर १९६६ आणि २०१९ नंतरची तिसरी तारीख झाली असती. हे मोठं काम आहे. ज्यांनी ते बांधलं आणि जे रात्री जागून चालवतात, त्यांचे उपकार कमी लेखणार नाही.

पण आखणीच्या वेळी वर्षातून मोजक्या वेळा उचलायच्या म्हणून धरलेल्या या झडपा पहिल्या पाचेक वर्षांतच सुमारे शंभर वेळा उभ्या राहिल्या. एकदा उचलायचा खर्च दोन लाख युरोंच्या वर. बंदरात जाणारी जहाजं थांबतात, कोळ्यांच्या होड्या आत किंवा बाहेर अडकतात. आणि मला सगळ्यात टोचतं ते खाजणांचं. लगूनमध्ये गवताळ खाजणं आहेत, तिथे त्यांना बारेने म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून त्यांचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग नाहीसा झाला. समुद्र वाढतो तसं खाजणही वाढायला हवं असेल तर त्यावर गाळ बसावा लागतो, आणि तो गाळ मुख्यतः वादळी भरतीच आणते. जी भरती शहराला नको, तीच खाजणाला हवी. पादुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की झडपा बंद केल्या की तो गाळ बराच कमी बसतो. खाजणं गेली की लाटांना अडवायला लगूनच्या आत काही उरत नाही, आणि त्याचा मारही शेवटी शहराच्याच विटांवर येतो.

म्हणून मला वाटतं, ११० ची मर्यादा कायमची मानू नये. बॅसिलिकेभोवती २०२२ मध्ये काचेची भिंत झाली. चौकाखालच्या जुन्या गटारांचं काम आणि सखल रस्ते उचलण्याचं काम पुरं करावं, आणि मर्यादा पुन्हा वर न्यावी. १२० च्या भरतीला काही गल्ल्यांत घोटाभर पाणी येईल. येऊ द्यावं. बाईंना हे बोलून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझं स्वयंपाकघर ११८ वर आहे.” त्यांचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. लगून वाचवायचं असेल तर कुणाच्या तरी स्वयंपाकघराची फरशी उचलून द्यावी लागेल, आणि तो खर्च त्या घराने एकट्याने करायचा नाही, हे आधी ठरायला हवं. पुढे समुद्र आणखी चढला तर झडपा जवळजवळ बंदच ठेवायची वेळ येईल, आणि मग लगून लगून राहणार नाही. मोसेच्या आखणीत साठ सेंटिमीटरपर्यंतची वाढ धरलेली आहे. ती मर्यादा याच शतकात ओलांडली जाऊ शकते.

जाणार असाल तर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत जा. पालिकेचं भरतीचं केंद्र पुढच्या काही दिवसांचे आकडे रोज देतं. त्यात उणे ३० च्या खालची ओहोटी दुपारची मिळाली तर बरं, उजेड चांगला असतो. सान मार्को सोडा, कान्नारेज्यो किंवा कास्तेल्लोच्या आतल्या कालव्यांवर जा. एखाद्या लहान पुलावर उभं राहून समोरच्या घराच्या पाण्याकडच्या दाराच्या पायऱ्या मोजा, आणि पांढरा दगड कुठे संपतो ते बघा. मग सहा तासांनी तिथेच या, आणि पाणी त्या दगडाच्या वर किती गेलं ते बघा.